बिनक्लचच्या ट्रकनं चंदगडला

चंदगडला कसं जावं, असं गेल्या काही महिन्यांत दोघातिघा वाचकांनी विचारलं. एसटीनं जा. गडहिंग्लजहून गाड्या मिळतात, खिडकीची जागा धरा, पाण्याची बाटली सोबत ठेवा, एवढंच माझं सांगणं. मी स्वतः मात्र ट्रकनं गेले, आणि तोही अशा ट्रकनं, जो चढावर आला की मधूनच चालायचं सोडून देत होता. तेव्हा खालच्या मजकुरातून रस्ते घ्या, जेवणाची ठिकाणं घ्या, पण वेळेचे अंदाज घेऊ नका.

ट्रक माझ्या मामांचा. मामा जयसिंगपूरचे, गुळाचे व्यापारी. आमचं लिंगायत घर, त्यामुळे माजघरात कानडी आणि दुकानात मराठी चालते. तरुणपणी मामा स्वतः ट्रक चालवून माल पोचवायचे. मग एक अपघात झाला आणि त्यांचा डावा गुडघा वाकायचा बंद झाला. गुडघा वाकत नाही म्हणजे क्लच दाबता येत नाही, आणि क्लच दाबता येत नाही म्हणजे ट्रक बंद. बरीच वर्षं ते गादीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या दुसऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवत राहिले. पुढे कुठल्याशा धरणाच्या कामावरून परदेशी मंडळी आवरून निघाली आणि त्यांची जुनी वाहनं लिलावात निघाली. त्यात हा डिझेल ट्रक होता, पुढे लांब नाक असलेला आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. क्लच नाहीच. एक दांडा पुढे करायचा, पायानं गॅस द्यायचा, बाकीचे गिअर गाडी आपलीआपण बदलते. मामांनी टायर पाहिले नाहीत, चेसिसचा गंज पाहिला नाही. दोनच पेडल आहेत एवढं पाहिलं आणि ट्रक घेतला.

त्याचं स्टिअरिंग डावीकडे आहे, हे त्यांच्या लक्षात घरी आल्यावर आलं असावं. डावीकडे बसलेल्या माणसाला पुढच्या गाडीला मागे टाकताना समोरचं काही दिसत नाही. त्यावर तोडगा म्हणजे मामी. त्या उजव्या खिडकीशी बसतात, अर्धं डोकं बाहेर काढतात आणि रस्ता मोकळा असला की म्हणतात, "होग्री." समोरून काही येत असलं की म्हणतात, "निल्री." जा आणि थांबा, कानडीत आणि आदरानं. मामांनी या दोन शब्दांवर कर्नाटकाची हद्द कितीदा ओलांडली असेल त्याला गणती नाही. हे सगळं मी पूर्वी ऐकून होते आणि मला ते गमतीदार वाटायचं, त्यापलीकडे काही नाही.

दिवाळीनंतर सुट्टी शिल्लक होती म्हणून मी जयसिंगपूरला गेले, तेव्हा घरात ट्रकचंच चाललं होतं. दसऱ्यापासून ट्रक घसरायला लागला होता. म्हणजे इंजिन जोरात ओरडायचं, चाकं मात्र ओढायची नाहीत. सपाटीला ठीक, चढाला हे नाटक.

"गिअरबॉक्सातल्या प्लेटा गेल्यात तिच्या," माझा मामेभाऊ बसू जेवताना म्हणाला. बसू दुकान सांभाळतो. "कोल्हापुरात तिघाचौघांस्नी विचारलंय मी. आतलं सामान मिळत न्हाय हिकडं. साधा गिअरबॉक्स बसवायचा, ड्रायव्हर ठेवायचा. इषय संपला."

"आणि मी?" मामांनी विचारलं.

"तुम्ही बसा की निवांत दुकानात, अप्पा. आता वय हाय का ट्रकवर बसायचं?"

मामांनी भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. मग म्हणाले, "चंदगडची एक खेप मारून येतो. वाटंत कुठं उभी ऱ्हायली, तर तुझं खरं."

"उभी ऱ्हायली तर आल्याबरोबर गिअरबॉक्स बसवायचा. मागनं न्हाय म्हणायचं न्हाय."

"शब्द दिला," मामा म्हणाले.

व्यापाऱ्याच्या घरात शब्द दिला म्हणजे सौदा झाला. मी विचारलं, मधे जागा असेल तर मी येऊ का? गिअरबॉक्सशी मला देणंघेणं नव्हतं. मला आजऱ्याचा नवा तांदूळ खायचा होता आणि फुकटात जायला मिळत होतं.

सकाळी निघण्याआधीचा कार्यक्रम सांगते, कारण पुढे तो लागणार आहे. या घरात उदबत्ती लागल्याशिवाय ट्रकची चावी फिरत नाही. मामींनी पाट आणला, त्यावर चढून बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सच्या तेलाची लांब काडी उपसली, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसली, परत घातली, परत उपसली आणि आडवी धरून मामांच्या चष्म्यापुढे आणली. मामांना वर चढता येत नाही आणि दुसऱ्याच्या सांगण्यावर त्यांचा भरवसा नसतो. काडीवरच्या जुन्या खुणा कधीच झिजल्या होत्या. दसऱ्याच्या सर्व्हिसिंगला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं कानस मारून नवी खूण करून दिली होती, तेल इथवर पाहिजे म्हणून.

"बरोबर खुणेला," मामा म्हणाले. मग बंपरला हळदकुंकू, उदबत्ती, आणि मग चावी.

माझ्या पाठीला सीटमागचा एक कॅन टोचत होता. त्यात लालसर तेल होतं. हे काय, असं विचारल्यावर मामी म्हणाल्या, "खंडेनवमीला काडी बघितली तर तेल खुणेच्या दोन बोटं वर. मिस्त्रीनं जास्त वतलं हुतं. मग ह्यांनी नळीनं काढून घेतलं. म्हागाचं तेल, टाकून कशाला द्यायचं?" मी कॅन सरकवला आणि त्याला विसरून गेले.

जयसिंगपूर ते कोल्हापूर हा रस्ता मला कधीच आवडला नाही. या दिवसांत पुढे उसाची बैलगाडी, मागे उसाचा ट्रॅक्टर, आणि मधे आपण. पण मामींचं काम पाहायला हा रस्ता चांगला. "निल्री, निल्री... निल्री की ओ!... हं, होग्री." एकदा एका ट्रॅक्टरमागे आम्ही इतका वेळ राहिलो की ट्रॉलीवर बसलेल्या बाईनं मामींना ऊस दिला. खिडकीतून, चालत्या गाडीतून. मामींनी तो घेतला, गाव विचारलं, लेकरं विचारली, आणि मगच "होग्री" म्हणाल्या.

कोल्हापूरला शहरात न शिरता हायवेला लागलो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आशेनं वाचत आलेल्यांची मी निराशा करणार आहे. आमचं घर शाकाहारी आहे आणि मामींनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचं मडकं बरोबर घेतलं होतं. हायवे आता चौपदरी झालाय, त्यामुळे कागल, निपाणी कधी मागे पडलं ते कळलंसुद्धा नाही. महिला वाचकांसाठी: निपाणीच्या अलीकडच्या मोठ्या ढाब्यावर सोय बरी आहे, पुढे संकेश्वरपर्यंत थांबायला लागू नये अशा बेतानं चहा प्या.

निपाणीनंतर तवंदीचा घाट. घाट म्हणून फार मोठा नाही, पण आमच्यामागे गुळाच्या ढेपा भरलेल्या होत्या. अर्ध्यात आलो आणि बॉनेटखालून बारीक, शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मग इंजिन एकदम ओरडलं आणि ट्रक, जणू कुणी दोर कापला, तसा सुटा झाला. मामांनी ब्रेक धरला, कडेला घेतला, इंजिन बंद केलं. मामी खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावून आल्या. हे त्यांनी इतक्या सवयीनं केलं की हे पहिल्यांदाच होत नसणार, हे मला कळलं.

नेमका तेव्हाच मामींचा मोबाईल वाजला. बसू.

"कुठं आलाय?"

"तवंदीला," मामी म्हणाल्या.

"उभी ऱ्हायली?"

"चहाला थांबलोय," मामी म्हणाल्या आणि फोन बंद केला. आजूबाजूला चहाची टपरी नव्हती. मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. प्रवासवर्णनकारानं घरगुती भानगडींत पडू नये, असं माझं मत आहे.

अर्ध्या तासानं ट्रक पुन्हा चालू केला, तर शहाण्यासारखा चालायला लागला. उरलेला घाट, मग उतार, मग संकेश्वर, सगळं सुरळीत. संकेश्वरला हायवे सोडून उजवीकडे गडहिंग्लजला वळलो. इथून पुढचा रस्ता या प्रवासातला सगळ्यात देखणा. शेतं लहान होत जातात, झाडं वाढत जातात, हवा ओलसर होते. गडहिंग्लजच्या पुढे एका चढावर ट्रक पुन्हा सुटा झाला आणि पुन्हा थोडं थांबल्यावर चालायला लागला. पुन्हा "चहाला" थांबलो. मामांचा चेहरा आता गुळाच्या ढेपेसारखा घट्ट झाला होता.

आजऱ्याला दिवस मावळताना पोचलो. निम्मा गूळ तिथल्या व्यापाऱ्याकडे उतरवला. स्टँडजवळच्या लॉजवर दोन खोल्या मिळाल्या. खोल्या साध्या आहेत, चादरी स्वच्छ, गरम पाणी बादलीनं येतं. जेवण खालच्या खानावळीत, पंचवीस रुपयांत पोटभर. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ नुकताच आलेला. भात वाढला की वास आधी येतो, वाफ मागनं. त्यावर नुसती आमटी आणि तूप. मी तीनदा भात घेतला, त्याबद्दल मला खेद नाही.

मामा लवकर झोपायला गेले. मी आणि मामी खानावळीच्या बाकावर बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामी, कंटाळा नाही येत? दिवसभर मान बाहेर काढून बसायचं?"

"कंटाळा?" मामी म्हणाल्या. "लग्न होऊन आले तवापास्नं वीस वर्सं मी जयसिंगपूर सोडून कुठं गेलते, सांग बघू. माहेर आणि जत्रा. ही गाडी आली, आणि तिला उजव्या बाजूला माणूस लागतंय म्हणून मी भाईर पडले. गोकाक बघितलं, बेळगाव बघितलं, आंबोलीचं धुकं बघितलं. आता साधा गिअरबॉक्स बसला, ड्रायव्हर आला, तर हे गल्ल्यावर बसणार आणि मी चुलीपुढं. बसूचं काय चुकत न्हाय. त्येला काळजी हाय. पण त्येला ह्ये कोण सांगणार?"

मी पान मागवलं. पण खरं सांगायचं तर त्या रात्री खोलीत पडल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की हा ट्रक चालावा. फुकटच्या जागेसाठी नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कार्यक्रम. पाट नव्हता म्हणून लॉजवाल्याचं स्टूल. काडी, फडकं, चष्मा. "बरोबर खुणेला." उदबत्ती. चावी फिरवली तर सेल्फ नुसता खट्ट करून गप्प. दुसऱ्यांदा खट्ट. तिसऱ्यांदा कसाबसा लागला.

"आता इंजिन बंद करायचं न्हाय," मामा म्हणाले. "साधी गाडी असती तर ढकलून चालू केली असती. ही ढकलून चालू हुईत न्हाय."

आजऱ्याहून चंदगडकडे आतल्या रस्त्यानं निघालो. रस्ता अरुंद, डांबर मधेच, खड्डे दोन्हीकडे. दोन्ही बाजूंना काजूची झाडं आणि कापून ठेवलेल्या भाताच्या पेंढ्या. फोटो काढायला सकाळचीच वेळ चांगली, नंतर ऊन सरळ काचेवर येतं. एका लांब चढावर शिट्टीचा आवाज सुरू झाला आणि नेहमीप्रमाणे ट्रक सुटला. रस्ता एवढा अरुंद की कडेला घेता येईना. मामी दगड लावायला उतरल्या तोवर मागे चंदगडची एसटी येऊन थांबली.

"ओ पावणं!" एसटीच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "गिअर टाका की!"

"गिअरच न्हाईत हो हिला!" मामा ओरडले.

"मग घेतली कशाला?" एसटीवाला म्हणाला, आणि चारपाच प्रवासी मनापासून हसले. शेवटी दोन चाकं गवतात घालून एसटी निघून गेली. त्यातल्या प्रत्येक खिडकीनं आम्हाला पाहून घेतलं.

मामा ब्रेकवर पाय दाबून बसले होते. हँडब्रेक नावापुरताच. इंजिन चालूच होतं, कारण बंद केलं तर परत लागेल की नाही याची खात्री नव्हती. चढाच्या टोकाला एक टपरी दिसत होती, खरोखरच्या चहाची.

"तेल बघते," मामी म्हणाल्या.

"चालू गाडीत?"

"मग बंद करताय का?"

मामी बंपरवर चढल्या, बॉनेट उघडलं. चालू इंजिनापुढे त्यांनी कधी काडी उपसली नव्हती, म्हणून आधी पदर खोचून घेतला. पुसली, घातली, उपसली.

"अय्यय्य! कोरडी हाय की ओ!"

"काय?"

"कोरडी! नुसता टोकाला फेस हाय. तेलच न्हाय!"

मामी काडी घेऊन खिडकीशी आल्या. मामांनी पाहिलं, मी पाहिलं. खूण कोरडी. वासही आला, दूध तळाला लागल्यावर येतो तसा. सकाळी आजऱ्यात याच काडीवर तेल खुणेला होतं, हे तिघांनी पाहिलेलं. मला ट्रकखाली वाकून बघायला पाठवलं. ट्रकखाली जायची माझी ही पहिलीच वेळ. रस्ता कोरडा. एक थेंब नाही.

"लॉजवर बी डाग नव्हता," मामी म्हणाल्या. "मी बघूनच निघालेली. मग गेलं कुठं?"

मामा म्हणाले, "बंद करतो. परत बघ."

"आणि लागली न्हाय तर?"

"न्हाय लागली तर न्हाय लागली."

त्यांनी चावी फिरवली. इतकी शांतता झाली की खालच्या शेतातली माणसं बोलताना ऐकू आली. मी वर जाऊन तीन चहा आणले. आलं भरपूर, साखर त्याहून भरपूर, शिफारस करते. चहा संपवून मामींनी पुन्हा काडी उपसली.

"खुणेला हाय," त्या म्हणाल्या, अगदी हळू.

आम्ही तिघं त्या काडीकडे बघत राहिलो. इंजिन चालू असलं की तेल नाही, बंद केलं की आहे. मला वाटलं, हे एखाद्या देवळातल्या चमत्कारासारखं आहे आणि ब्लॉगवर कुणी विश्वास ठेवणार नाही. मामा मात्र कपाळावर हात ठेवून पुटपुटायला लागले. मग एकदम म्हणाले, "मळ्यातली मोटर!"

"काय?"

"अगं, हिरीतली मोटर चालू केली की पाणी पाइपात चढतंय. हीर खाली जाती. मोटर बंद केली की पाइपातलं पाणी परत हिरीत. हिचं बी तसंच हाय. चालू असताना तेल वर आत चढतंय, बंद केली की खाली येतंय. आम्ही रोज बंद गाडीची हीर बघतोय आणि म्हणतोय भरलीया!"

"पण खूण तर मिस्त्रीनं केली," मी म्हटलं. "खूण केली तेव्हा गाडी चालू होती की बंद?"

मामा मामींकडे वळले. मामी डोळे मिटून आठवत होत्या.

"चालू," त्या म्हणाल्या. "चालूच हुती. मी शेजारी उभी हुते. तो काडी दावून कायतरी सांगत हुता, पण इंजिनाच्या आवाजात काय ऐकू आलं न्हाय. मी नुसती मान हलवली."

खूण चालू गाडीची होती आणि हे दोघं रोज सकाळी बंद गाडीवर ती पाहत होते, कारण उदबत्तीआधी चावी फिरवायची नाही. बंद गाडीत तेल दोन बोटं वर दिसायलाच हवं होतं. ते जास्त झालं म्हणून त्यांनी काढून घेतलं, आणि तेव्हापासून ट्रक अर्ध्या पोटी घाट चढत होता. चढावर तेल मागे सरकलं की पंप नुसती हवा ओढायचा. थांबलं की फेस बसायचा आणि गाडी पुन्हा चालायची. सगळा बिघाड भक्तिभावानं आणि न चुकता केलेला.

"आणि काढलेलं तेल?" मी विचारलं, तेवढ्यात माझ्याच पाठीला आठवलं.

सेल्फ खट्ट म्हणाला. पुन्हा खट्ट. मामींनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. माझी पाण्याची बाटली कापून नरसाळं केलं, फडक्यातून गाळून मामी तेल थोडं थोडं ओतत गेल्या आणि दर वेळी काडी पाहत गेल्या. कॅन संपत आला तेव्हा तेल खुणेला टेकलं. मामांनी दांडा पुढे केला. क्षणभर काही झालं नाही. मग ट्रकनं, मागे गूळ घेऊन, गुरगुरत चढ ओढायला सुरुवात केली. शिट्टीचा आवाज नव्हता. टपरीपाशी आल्यावर मामांनी विनाकारण लांबलचक हॉर्न वाजवला आणि टपरीवाल्यानं दचकून किटली आपटली. मी मोठ्यानं हसले. मला इतका आनंद का झाला, हे मला तेव्हा कळत होतं.

चंदगडला मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून एसटीडी बूथवरून मामांनी मिस्त्रीला फोन लावला. काचेबाहेरून मला एकच बाजू ऐकू येत होती, पण मामांचा आवाज असा की दुसरी बाजू कळत गेली.

"चालूवर बघायचं असतंय, ह्ये आधी सांगायचं की लेका!... सांगितलं असशील. ऐकू यायला नको व्हय?... व्हय, गरम झाल्यावर... ब्रेकवर पाय ठिवून दांडा सगळ्या गिअरांत फिरवायचा, मग बघायचं. बरं... जळका वास हाय थोडा."

मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "प्लेटांनी थोडं सोसलंय म्हणतोय. वझं कमी भरा, दमानं चालवा. चाललं तोवर चाललं म्हणतोय."

चंदगडबद्दल थोडक्यात: पाऊस नसलेला चंदगड मी पहिल्यांदाच पाहिला आणि तोही हिरवाच आहे. काजू बाजारात न घेता कारखान्यावर जाऊन घ्या. तुकडा काजू स्वस्त पडतो आणि चवीला तोच. आम्ही काजू आणि तांदूळ अर्धीच गाडी भरून आणला. परतीला सगळे चढ ट्रकनं एका दमात घेतले. तवंदीला फोन वाजला, तेव्हा आम्ही खरोखरच चहा पीत होतो, आणि मामींना ते सांगताना फार अवघडल्यासारखं झालं.

जयसिंगपूरला पोचलो तर वखारीच्या दारात गोणपाटावर साधा गिअरबॉक्स ठेवलेला. बसूनं आणूनच ठेवला होता. त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला.

"उभी ऱ्हायली?"

मी मामींकडे पाहिलं. मामी पदर सारखा करत होत्या.

"ऱ्हायली," मामा म्हणाले. "जाताना तीनदा. शब्द दिलाय, तू गिअरबॉक्स बसव. फक्त उद्या सकाळी एकदा गाडीत बस."

सकाळी मामींनी आधी उदबत्ती लावली. मग मामा आपल्या जागेवर बसले, चावी फिरवली, गाडी गरम होऊ दिली, ब्रेकवर पाय ठेवून दांडा फिरवला. मग मामींनी काडी उपसली. बॉनेट उघडं असल्यामुळे मामांना पुढचं काही दिसत नव्हतं, आणि त्यांना खाली उतरता येत नव्हतं.

"कितीला हाय?" त्यांनी आतून विचारलं.

"खुणेला."

"बघू."

"दर खेपंला काडी घिऊन कुठं पळू? ब्रेकवरचा पाय काढू नका. खुणेला हाय म्हणते न्हवं?"

मामांनी श्वास सोडला. "बरं," म्हणाले.

बसू मधल्या जागेवर बसला. मी मागे गोण्यांवर. या ट्रकमधे मधे बसून तो कधी कुठं गेलाच नव्हता, तो आपल्या मोटरसायकलनं फिरतो. रेल्वेच्या पुलाचा चढ चढून कोल्हापूर रस्त्यावर बरंच पुढे गेलो आणि परत आलो. वाटेत उसाचे ट्रॅक्टर होते. "निल्री... निल्री... होग्री." पुन्हा "निल्री". पुन्हा "होग्री". मला मागून बसूची फक्त मान दिसत होती. ती आधी रस्त्याकडे होती, नंतर बराच वेळ त्याच्या आईकडे होती.

वखारीशी उतरल्यावर त्यानं गिअरबॉक्सला पायानं जरा हलवून पाहिलं. "दुकानदार परत घेणार न्हाय," म्हणाला. "ऱ्हाऊ दे आत. लागंल कवा तरी."

मी त्याच दुपारच्या गाडीनं पुण्याला परतले. तांदूळ संपला, काजू संपले, फोटो चांगले आले नाहीत. त्यातला एक बरा आहे, तो वर लावलाय: उजव्या खिडकीतून बाहेर आलेलं मामींचं अर्धं डोकं. एरवी प्रवासातलं काही माझ्या मनात फार रेंगाळत नाही. हे रेंगाळलं. बस पुढच्या गाडीला मागे टाकायला लागली की मी आता बसल्याबसल्या मनात होग्री म्हणते.

परवा बसूचा फोन आला होता, दुसऱ्याच कामासाठी. गिअरबॉक्सचं काय झालं, मी विचारलं. वखारीत आहे, अव्वानं, म्हणजे मामींनी, त्यावर पापडांची सुपं वाळत घातलीत, म्हणाला.

"आणि मामामामी?"

"आजऱ्याला गेलेत की दोघं. आत्ताच फोन लावलता, घाटात हाईत."

"उभी राहिली का?"

पलीकडे बसूनं कुणाला तरी गूळ तोलायला सांगितलं.

"काय म्हाईत, अक्का," तो म्हणाला. "अव्वा म्हणतीया, चहाला थांबलोय."